हातातला जिगसॉ उलटा बसवून घरच्या घरी टेबल कसं बनवायचं

मखरासाठी महिरप कापायची होती. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे पुठ्ठा किंवा प्लाय एवढंच चालतं, आणि ऐरोलीच्या पावसाळी हवेत पुठ्ठ्याची महिरप गौरी यायच्या आत मान टाकते, म्हणून मी जिगसॉ घेतला, म्हणजे वरखाली हलणाऱ्या पात्याची, हातात धरून चालवायची विजेची करवत. मोठे कट झाले मस्त. पण महिरपीची छोटी छोटी गोलाई आली आणि वाट लागली. एका हाताने मशीन, एका हाताने लाकूड, दर तीन इंचाला क्लॅम्प सोडा परत लावा, भुशाखाली पेन्सिलची रेघ दिसत नाही, आणि तुकडा लहान असला की मशीनची बेसप्लेटच त्याच्यावर बसत नाही.

यावर उपाय जुना आहे: मशीन टेबलाखाली उलटं लटकवायचं, ब्लेड वर काढायचं आणि दोन्ही हातांनी लाकूड फिरवायचं. अगदी शिलाई मशीनवर कापड फिरवतात तसं. गंमत म्हणजे जिगसॉचा जन्मच शिलाई मशीनमधून झालाय, १९४६ साली स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतल्या अल्बर्ट काउफमान या इंजिनिअरने बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं होतं. आपण फक्त त्याला परत टेबलावर नेतोय.

आधीच सांगतो, हे टेबल सॉ नाही. चार फुटांची सरळ पट्टी यावर कापायला जाल तर ब्लेड भरकटेल आणि शिव्या मला द्याल. गोलाई, नक्षी, जाळी, खेळण्यांचे तुकडे, आकाशकंदिलाच्या पाकळ्या, नावाची पाटी, यासाठी हे आहे. माझं पहिलं टेबल फेकून द्यावं लागलं, दुसरं अजून चालतंय, खालचं सगळं दुसऱ्याबद्दल आहे आणि सापळे पहिल्याचे आहेत.

सामान

- ६ एमएम प्लाय, २ बाय दीड फूट, एक तुकडा. याच्याऐवजी इलेक्ट्रिक पॅनलला वापरतात ती ६ एमएमची हायलम शीट मिळाली तर अजून छान, फुगत नाही आणि वाकतही नाही
- १२ एमएम प्लाय, त्याच मापाचा एक तुकडा, आणि खोक्याच्या बाजूंसाठी १० इंच उंचीच्या पट्ट्या
- एम-५ चे चपट्या डोक्याचे मशीन स्क्रू चार, १ इंच लांब, सोबत वॉशर आणि नायलॉक नट (साधे नट नकोत, थरथरीने अर्ध्या तासात सुटतात)
- फेविकॉल, लाकडाचे स्क्रू, सँडपेपर ८० आणि १२० नंबर
- ड्रिल, ५.५ एमएमचा लोखंड कापायचा बिट, १२ एमएमचा लाकडाचा बिट, काउंटरसिंक बिट (स्क्रूचं डोकं लाकडात खाली बसवायला)
- सेंटर पंच, गुण्या, ॲलन की, सी-क्लॅम्प दोन
- स्वतःचं बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड
- चष्मा, मास्क, कानाला काहीतरी

राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडायचं मशीन, लागत नाही. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओत राउटरने टेबलाला खालून खाच पाडतात आणि आपण तिथेच हात टेकतो. ते कसं टाळायचं ते पुढे येतंय.

१. आधी मशीन नीट बघा

खालच्या बेसप्लेटला प्लास्टिकचं कव्हर असेल तर काढा. प्लेट पत्र्याची आहे की ॲल्युमिनियमची ते बघा, दोन्ही चालतात, ॲल्युमिनियमला ड्रिल लवकर जातं. प्लेट तिरकी करायचा जो ॲलन स्क्रू असतो त्याच्या आसपास भोक पाडायचं नाही, हे आत्ताच मार्करने खूण करून ठेवा. प्लेटला भोकं पाडली की वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं हेही लक्षात घ्या, मी वॉरंटी संपेपर्यंत थांबलो आणि मग हात लावला.

ब्लेड कसं धरतं तेही बघा. आताच्या बहुतेक मशीनला टी शँकचं ब्लेड लागतं, म्हणजे वरच्या टोकाला दोन छोटे कान असतात. जुन्या आणि काही स्वस्त मशीनना यू शँक, त्याला कानाऐवजी अर्धगोल खाच आणि भोक. दुकानदार कधी कधी न बघता देतो. मी एकदा पाच ब्लेडचं पाकीट घेऊन आलो आणि घरी आल्यावर कळलं की ते यू आहे, पाकीट फोडलेलं म्हणून परत घेतलं नाही. जुनं ब्लेड खिशात टाकूनच दुकानात जा.

मशीनवर ऑर्बिटलचा खटका असतो, ०, १, २, ३ असा. तो शून्यावर ठेवा आणि टेबलावर असेपर्यंत विसरून जा. ऑर्बिटलमध्ये ब्लेड वरखाली होता होता पुढेमागेही झुलतं, कट भराभर होतो पण गोलाईचा सत्यानाश.

२. खरेदी

प्लाय अख्खा शीट म्हणजे ८ बाय ४ फूट घ्यायची गरज नाही. ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात कुठल्याही प्लायवाल्याकडे कटपीस पडलेले असतात, "कटपीस आहेत का, चार सूत आणि दोन सूत" असं विचारा. एक सूत म्हणजे पाव इंचाचं अर्ध, साधारण ३ एमएम, म्हणून १२ एमएमला चार सूत आणि ६ एमएमला दोन सूत. असं विचारलं की समोरचा जरा नीट बोलायला लागतो हा माझा अनुभव. बीडब्ल्यूआर ग्रेड (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) मागा, साधा कमर्शियल घेतलात तर गॅलरीत एका पावसाळ्यात फुगतो. तुकडा घेण्याआधी कडेकडून एक डोळा मिटून बघा, केळ्यासारखा वाकलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. आणि दुकानातच मापाने कापून घ्या, त्यांच्या मशीनवर जो काटकोन येतो तो आपल्याला घरी येत नाही.

बेअरिंग (आठव्या भागातला वरचा हात करणार असाल तरच), नायलॉक नट, चांगले बिट यासाठी वेळ असेल तर ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला आणि तिथून स्लो लोकल पकडून मस्जिदला उतरा, नागदेवी स्ट्रीटला सगळं मिळतं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. घाई असेल तर जवळच्या हार्डवेअरवाल्याकडेही काम होतं, फक्त नायलॉक नट एम-५ मध्ये सुटे चार देताना कपाळाला आठ्या घालतात.

माझा खर्च, मशीन आणि ब्लेड सोडून, हजाराच्या आसपास गेला.

३. दोन थरांचं टॉप

अख्ख्या लेखातली कळीची गोष्ट ही. ब्लेडची लांबी ठरलेली असते. नेहमीच्या लाकडाच्या ब्लेडची एकूण लांबी १०० एमएमच्या आसपास, त्यातला काही भाग मशीनच्या आतच राहतो. आता तुम्ही १८ एमएमच्या प्लायला खालून मशीन लावलं तर ते १८ एमएम ब्लेडच्या लांबीतून वजा झाले. माझं पहिलं टेबल असंच होतं, दणकट, देखणं, आणि त्यावर १२ एमएमचा प्लायसुद्धा धड कापला जात नव्हता.

म्हणून वर ६ एमएमचा पातळ थर, खाली १२ एमएमचा जाड थर, आणि जाड थरात बेसप्लेटच्या आकाराची खिडकी. मशीन त्या खिडकीत आत बसतं आणि थेट पातळ थराला चिकटतं. खाच पाडायला राउटर लागत नाही कारण खिडकी तुम्ही त्याच जिगसॉने कापणार आहात.

१२ एमएमच्या तुकड्यावर मधोमध बेसप्लेट ठेवून पेन्सिलने आउटलाईन काढा, चारी बाजूंनी २ एमएम जास्त धरा. चारी कोपऱ्यात १२ एमएमचं भोक, मग जिगसॉ आत घालून कापा. खिडकीची मागची बाजू मात्र प्लेटच्या मापावर थांबवू नका, अजून तीन-चार इंच मागे वाढवा, कारण मशीनचं मागचं पोट प्लेटच्या बाहेर लोंबतं आणि जाड थराला अडतं. ब्लेड बदलायचा जो खटका असतो त्यालाही उघडायला जागा लागते, ती पण आत्ताच बघून घ्या.

मग दोन्ही थर फेविकॉल लावून चिकटवा. वर वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. मी गव्हाचा डबा आणि दोन कुंड्या ठेवल्या होत्या, घरच्यांनी डबा सकाळी पोळ्यांच्या वेळेला परत मागितला पण तोवर चिकटलं होतं.

४. भोकं आणि मशीन बसवणं

बेसप्लेटच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, ५.५ एमएम. आधी पंचने ठोका, नाहीतर बिट घसरतं. ड्रिल करताना मशीनच्या तोंडात आणि हवेच्या जाळीत कागदी टेप लावा, लोखंडाचा कीस मोटरमध्ये गेला तर टेबल बनण्याआधीच मशीन जाईल. आणि प्लग काढलेला. प्रत्येक वेळी.

आता प्लेट खिडकीत ठेवून तीच भोकं वरच्या थरात आरपार काढा. वरून काउंटरसिंक, स्क्रूचं डोकं पृष्ठभागाच्या जरासं खाली गेलं पाहिजे, बोट फिरवून बघा, अडलं तर लाकूडही तिथे अडणार. काउंटरसिंक बेताने, थर ६ एमएमचाच आहे. स्क्रू वरून, वॉशर आणि नट खालून.

ब्लेडचं भोक: इथे मी फार शहाणपणा केला होता. ब्लेड जेमतेम जाईल एवढी बारीक फट ठेवली, दिसायला सुंदर. मग ब्लेड बदलायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की ब्लेडचे कान त्या फटीतून जातच नाहीत, दरवेळी चारही नट खोलून मशीन उतरवायचं. तेव्हा सरळ १२ एमएमचं भोक पाडा, ब्लेड वरून आत जातं आणि खालून खटका दाबून बसवता येतं. छोटे तुकडे त्या भोकात अडकतात म्हणून वर जुन्या सनमायकाचा वीतभर तुकडा दुहेरी टेपने चिकटवा, त्यात बारीक फट. खराब झाला की नवा.

मशीनचं तोंड तुमच्याकडे, वायर मागे. म्हणजे दाते तुमच्या दिशेला.

५. खोका

यात फार डोकं लावू नका. तीन बाजू बंद, पुढची उघडी, उंची १० इंच. उलटं मशीन साधारण ८-९ इंच खाली लोंबतं, त्यात तुमचा हात जायला जागा पाहिजे. बाजूंच्या पट्ट्यांना खाली दोन इंच बाहेर येणारी पाटी ठेवा म्हणजे सी-क्लॅम्पने खोका ओट्याला किंवा जुन्या टेबलाला आवळता येतो. न आवळता चालवाल तर खोका गॅलरीभर फिरायला निघेल. खाली रबरी मॅट टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरून फोन येतो. मला आला होता. आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ मशीन बंद, तुमच्याकडेही काहीतरी नियम असेलच, तो आधी विचारून घेतला तर पुढची कटकट वाचते.

६. ब्लेड काटकोनात आणा

घाई करून सगळे इथेच चुकतात. गुण्या टेबलावर उभा करा, ब्लेडच्या सपाट बाजूला टेकवा, फट दिसली तर बेसप्लेटचा ॲलन स्क्रू सैल करून सरळ करा आणि परत घट्ट.

पण ब्लेड अरुंद असतं, गुण्यावर नीट कळत नाही. रबाळेला एका सुताराने मला शिकवलेली पद्धत सांगतो. एक जाडसर पट्टी घ्या, टेबलावर मधोमध कापा. दोन तुकडे झाले. एक तुकडा उलटा करा, म्हणजे वरची बाजू खाली, आणि कापलेल्या कडा परत एकमेकांना भिडवा. कट काटकोनात असेल तर कडा घट्ट बसतील. नसेल तर वर किंवा खाली फट दिसेल, आणि ती फट चुकीच्या दुप्पट असते, म्हणून अर्धा डिग्रीचा फरकही डोळ्याला दिसतो. फट जाईपर्यंत करत राहा. मला सहा पट्ट्या लागल्या.

थरथरीने तो ॲलन स्क्रू हळूहळू सैल होतो. दर वेळी काम सुरू करण्याआधी एकदा आवळायचा.

७. बटण आणि वायर

मशीनचं ट्रिगर आता टेबलाखाली आहे, त्यामुळे ते लॉकच्या बटणाने दाबून ठेवायचं आणि चालू-बंद एक्स्टेंशन बोर्डावरून करायचं. बोर्ड खोक्याच्या डाव्या बाजूला पुढे, न बघता हात जाईल असा. घरातल्या नेहमीच्या ६ अँपियरच्या सॉकेटवर जिगसॉ आरामात चालतो, बहुतेक मशीन ४०० ते ६५० वॉटची असतात.

इथला सापळा जीवघेणा आहे. ट्रिगर लॉक आहे, तुम्ही कापताय, आणि लाईट गेली. तुम्ही म्हणता चला चहा घेऊ. दहा मिनिटांनी लाईट येते आणि मशीन आपोआप धडाधड सुरू होतं, आणि त्या वेळी लहान पोर गॅलरीत असेल तर? लाईट गेली की पहिलं काम प्लग उपटायचा. थोडा खर्च करायची तयारी असेल तर नो व्होल्ट रिलीज स्विच मिळतो, तो लाईट आल्यावर स्वतःहून चालू होत नाही, परत दाबावा लागतो. मी नंतर तोच लावला.

स्पीड कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. मशीनवरच डायल असतो, तो वापरा.

८. वरचा हात (हवा असेल तर)

पातळ प्लायला याची गरज नाही. जाड लाकूड कापताना ब्लेडचं वरचं मोकळं टोक बाजूला वाकतं आणि वरची गोलाई एक, खालची गोलाई दुसरी असा कट येतो, त्यासाठी मागून एक खांब आणि त्यावरून ब्लेडपर्यंत येणारा आडवा हात, टोकाला बेअरिंग. १८ एमएम प्लायचा करा आणि कोपऱ्यात तिकोनी टेकू द्या, नाहीतर हातच वाकेल. बेअरिंग ६२३ नंबरचं, आतलं भोक ३, बाहेरून १०, रुंदी ४ एमएम. एक ब्लेडच्या पाठीला, दोन बाजूंना, तिन्हींचे आस आडवे म्हणजे ब्लेड वरखाली झालं की ती फिरतात. बाजूची बेअरिंग दात्यांच्या मागेच राहिली पाहिजेत. एकदम अरुंद ब्लेड असेल तर बाजूची काढून टाका, फक्त पाठीचं ठेवा.

आणि ब्लेड सगळ्यात खाली गेलं असतानाही त्याचं टोक बेअरिंगमध्येच असलं पाहिजे. बाहेर निसटलं तर वर येताना बेअरिंगवर आपटतं आणि मोडतं, तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

९. किती जाड कापता येईल

प्लग लावून बटण टकटक चालू-बंद करत राहा, ब्लेड एकदा सगळ्यात खालच्या जागी थांबेल. प्लग काढा, ब्लेडचं टोक टेबलापासून किती वर आहे ते मोजा आणि त्यातून ५ एमएम वजा करा. तेवढंच जाड लाकूड. त्याच्यापेक्षा जाड घातलंत तर खाली जाताना ब्लेड लाकडाच्या आत शिरतं, वर येताना त्याचं टोक लाकडाला खालून धडका मारतं, लाकूड उडतं, ब्लेड वाकतं.

१०. ब्लेड कुठलं

साध्या ब्लेडचे दाते मशीनच्या दिशेने असतात. हातात चालवताना ते वर जाताना कापतं म्हणून वरच्या बाजूला चिरफाळ्या उडतात. मशीन उलटं झालं की हेच उलटं होतं: ब्लेड खाली जाताना कापतं, लाकूड टेबलावर दाबून धरतं, आणि चिरफाळ्या खालच्या बाजूला. त्यामुळे दिसणारी बाजू, सनमायकाची बाजू, वर ठेवायची. हातातल्या जिगसॉची सवय असेल तर पहिले दोन-तीन तुकडे चुकणारच.

स्वच्छ कटसाठी टी १०१ बी, बारीक गोलाईसाठी टी १०१ एओ किंवा टी ११९ बीओ, ही अरुंद असतात म्हणून वळतात. टी १४४ डी भराभर कापतं पण कड ओबडधोबड. आणि टी १०१ बीआर टेबलावर बिलकुल नको. त्याचे दाते उलटे असतात, हातात ते लॅमिनेटला छान चालतं, पण उलट्या मशीनवर ते लाकूड टेबलावरून वर उचलतं. मी नकळत लावलं होतं, तुकडा हातातून सुटून ग्रिलवर जाऊन आदळला.

११. पहिला कट

स्पीड मध्यम. आधी मशीन चालू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग लाकूड पुढे न्या. लाकूड टेबलावर दाबून, पुढे मात्र हळू, ब्लेड जेवढं मागेल तेवढंच द्या. वळणावर ढकलायचं नाही, फिरवायचं. फार छोटी गोलाई असेल तर बाहेरून रेघेपर्यंत आधी तीन-चार आडवे काप मारून ठेवा, मग गोलाई कापताना फालतू तुकडे गळत जातात आणि ब्लेडला मोकळीक मिळते. कटच्या मध्ये अडकलात तर चालू मशीनवर लाकूड मागे ओढू नका, बंद करा, मग काढा.

बोटं ब्लेडच्या रेषेत कधीच नाहीत. तुकडा हाताच्या पंजापेक्षा लहान असेल तर तो मोठ्या फळीवर दुहेरी टेपने चिकटवून फळीसकट कापा.

जाळीसाठी तर या टेबलासारखं सुख नाही. आत भोक पाडा, मशीन बंद ठेवून तुकडा वरून ब्लेडवर ओवा, कापा, उचला, पुढच्या भोकात ओवा. स्क्रोल सॉवर (ब्लेड दोन्ही टोकांना धरणारी नक्षीची करवत) दर भोकाला ब्लेड सोडून परत लावावं लागतं, इथे टोक मोकळंच असतं. वरचा हात लावला असेल तर तेवढा उचलावा लागतो.

१२. भुसा

हातात चालवताना भुसा मशीनपासून लांब पडतो. उलट्या मशीनवर तो सरळ त्याच्या तोंडात पडतो, दांड्याच्या फटीतून आत जातो, मोटरच्या जाळीत बसतो. दर अर्ध्या तासाने बंद करून, प्लग काढून ब्लोअरने किंवा जुन्या ब्रशने साफ करा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळी खिडकीजवळ अडकवून ठेवली की निम्मा त्रास कमी, फक्त त्याची पिशवी आठवड्यात भरते आणि मग घरात बोलणी खावी लागतात. प्लायच्या भुशात गोंद असतो, मास्क लावाच.

पावसाळ्यात काम झालं की चार नट खोलून मशीन घरात घ्या, प्लायच्या कापलेल्या कडांना आधीच वॉर्निश मारून ठेवा, आणि ब्लेडला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुसा. दुसऱ्या दिवशी कापायच्या आधी ते तेल एखाद्या रद्दी तुकड्यावर कापून घालवा, नाहीतर महिरपीच्या कडेला डाग उठतो आणि त्यावर रंग धरत नाही.